कारवी की शिंदळ माकुडी: काळजी नेमकी कोणाची करायची?

कातळफूल

पावसाळा सरत आला की निरोप फिरायला लागतात, "यंदा कारवी फुलली आहे, आत्ता गेला नाहीत तर सात वर्षं थांबा!" मग घाटवाटांवर गाड्यांच्या रांगा. कारवी मलाही जिवापाड आवडते. अख्खा उतार निळा-जांभळा झालेला बघायला मिळणं हे भाग्यच आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण त्याच दिवसांत, त्याच डोंगरांच्या उभ्या कड्यांवर शिंदळ माकुडीही फुललेली असते आणि तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: करंगळीएवढ्या जाडीची मांसल हिरवी खोडं कपारीतून खाली लोंबत असतात. पावसाळ्यात त्यांना जाडसर पानं येतात, उन्हाळ्यात ती गळून नुसत्या कांड्या उरतात. फूल पाच कोनांच्या चांदणीसारखं, साधारण दोन सेंटिमीटरचं, गर्द तपकिरी-लाल, त्यावर पिवळे ठिपके, आणि कडेला बारीक लव. भिंगातून बघितलं तर ती लव वाऱ्यानं हलताना दिसते. कुजकट वास येतो, कारण बोलवायचं असतं माश्यांना.

ही वनस्पती महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही नैसर्गिकरीत्या वाढत नाही. कारवी मात्र सह्याद्रीत उतारच्या उतार व्यापून आहे. म्हणून माझं मत असं की आपण कौतुक आणि काळजी यांची गल्लत करतो आहोत. सात वर्षांनी फुलणारं झाड आपण दुर्मीळ समजतो, आणि दरवर्षी इमानेइतबारे फुलणारं, पण मोजक्या कड्यांवरच तग धरून असलेलं झाड आपल्याला माहीतही नसतं.

जाणकारांना विचारायचं आहे: या दोघींची तुलना संवर्धनाच्या दृष्टीने कशी करायची? आणि आपल्यासारख्या हौशी भटक्यांनी नेमकं काय करावं?

---

रानभूल

वाचनखूण साठवली. मी आजवर माकुडीला निवडुंगाचा प्रकार समजत होते, त्यामुळे जाणकारांची वाट बघते आहे. :)

---

जुन्नरी_वारा

आमच्या भागातला विषय निघाला म्हणून लिहितो. माकुडीची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली तीच जुन्नर परिसरातून. डाल्झेल नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होते. १८६०च्या दशकात त्यांनी ही वनस्पती जगापुढे आणली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' म्हटलं. अलीकडे तिला 'बाऊसेरोसिया' या प्रजातीत हलवलं आहे, पण भटक्यांच्या तोंडी अजून फ्रेरियाच आहे.

शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, शिवथरघळ, रंधा धबधबा ही तिची ठिकाणं पुष्कळ ठिकाणी छापून आली आहेत, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. नेमकी कपार मात्र मी कोणालाही सांगत नाही आणि इथेही कोणी लिहू नये ही हात जोडून विनंती.

लहानपणी गुराखी पोरांना तिच्या कोवळ्या कांड्या मोडून खाताना मी बघितलं आहे. त्या खाण्यानं झाड संपलं असं मला वाटत नाही. चार पोरं कड्यावर हात पोचेल तेवढंच खाणार. शेळ्यांचं तसं नाही. शेळी जिथे पोचते तिथे माकुडी राहत नाही, म्हणून आज ती दिसते ती बहुतेक शेळीलाही न परवडणाऱ्या उभ्या भिंतीवर. "माकुडीला उभा कडाच आवडतो" असं जे म्हणतात, त्यात आवड किती आणि नाइलाज किती, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

---

हिरवळ_मास्तर

कातळफूल, प्रश्न मनापासून आवडला. मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सांगा.

एखादी जात किती धोक्यात आहे हे ठरवताना आय.यू.सी.एन. ही जागतिक संस्था फुलण्याचं चक्र बघत नाही. ती साधारण या गोष्टी विचारते: संख्या घटते आहे का आणि किती वेगानं, जात किती प्रदेशात पसरली आहे, त्या प्रदेशात ती प्रत्यक्षात किती जागा व्यापते, फळण्याच्या वयाची झाडं किती उरली आहेत. उदाहरणार्थ, पसाऱ्याचा प्रदेश २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर 'असुरक्षित' या गटाचा विचार सुरू होतो, ५,०००च्या खाली 'संकटग्रस्त', १००च्या खाली 'अतिसंकटग्रस्त'. नुसता आकडा पुरत नाही. त्याबरोबर जागा तुटक होणं, घट सुरू असणं अशा अटीही लागतात.

आता यातली एक मेख सांगतो. प्रत्यक्ष व्यापलेली जागा मोजताना नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखतात. ज्या चौकोनात झाड सापडलं तो अख्खा चौकोन, म्हणजे चार चौरस किलोमीटर, तिच्या नावावर जमा होतो. कारवीच्या बाबतीत हे ठीक आहे, कारण ती खरोखरच उतार भरून टाकते. माकुडी मात्र त्या चौकोनातल्या एखाद्या कड्याच्या दहा-वीस मीटर पट्ट्यात असते. शिवाय कडा उभा. वरून बघणाऱ्या नकाशाला तो रेघेएवढा दिसतो. म्हणजे कागदावर चार चौरस किलोमीटर आणि हाताशी एक भिंत.

माकुडीचं नाव आय.यू.सी.एन.ने एकेकाळी जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या बारा वनस्पतींमध्ये घेतलं होतं. पुढे अभ्यासकांनी सह्याद्री धुंडाळला तेव्हा पुणे, सातारा, अहिल्यानगर, रायगड या जिल्ह्यांत आणखी ठिकाणं मिळाली. इथे लोक घाईनं म्हणतात, "वाढली की मग!" माकुडी वाढली नाही, बघणारे वाढले. नव्या ठिकाणांमुळे आपल्याला कळलं एवढंच की ती आधी वाटलं त्यापेक्षा थोडी जास्त जागी होती.

आणखी एक. वनस्पतींच्या बहुसंख्य जातींचं असं मूल्यमापन अजून झालेलंच नाही. तेव्हा एखाद्या झाडाचं नाव आय.यू.सी.एन.च्या लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, दिसलं नाही म्हणजे ते सुखरूप आहे असा अर्थ काढू नये.

---

रानभूल

मास्तर, कंटाळा कसला! चौकोनाची गोष्ट पहिल्यांदाच कळली. एकच शंका, मग माकुडी निवडुंग नाही तर कोण?

---

हिरवळ_मास्तर

रुईच्या कुळातली. कंदीलपुष्पंही तिच्याच गोतातली. कांडी मोडली की निवडुंगासारखी रसदार दिसते एवढंच साम्य. शेंगा जोडीनं येतात, आतल्या बियांना रुईच्या म्हातारीसारखा रेशमी झुपका असतो. वाऱ्यावर उडालेल्या बियांपैकी एखादीच कपारीतल्या चिमूटभर मातीत अडकते आणि रुजते.

तिची खासियत अशी की तिच्या जवळच्या नात्यातल्या मांसल झाडांनी पानं जवळपास सोडून दिली, हिने मात्र पावसाळ्यापुरती खरीखुरी पानं राखली आहेत. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने तापलेला कातळ, या दोन्हींत जगायचं तर हा तोडगा लागतोच.

---

कडेलोट

कारवीबद्दल कृतज्ञता नोंदवून ठेवतो. घसाऱ्यावर पाय सटकला की हाताला पहिली लागते ती कारवीच. तिच्या खरखरीत खोडांना धरून आम्ही किती घळी उतरलो असू, देव जाणे. माकुडी धरायला जाल तर ती तुमच्यासकट खाली येईल.

---

येऊरचा_वाटाड्या

कातळफूल ताई, तुमच्या निम्म्या म्हणण्याशी सहमत, निम्म्याशी नाही.

माकुडीला जास्त जपायला हवं, मान्य. पण "कारवी काय, उतारच्या उतार आहे" हे वाक्य मला खटकलं. कारवीचं आयुष्य नीट बघा. ती सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी एकदाच फुलते, फळते आणि मरते. आमच्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि येऊरच्या बाजूला २००८, २०१६, २०२४ असा हिशेब जुळतो. इतर डोंगरांची वर्षं वेगळी, त्यामुळे दरसाल कुठे ना कुठे फुलल्याची बातमी येते आणि लोकांना चक्राचं भान राहत नाही.

फुलं सप्टेंबरच्या आसपास. पण बी लगेच पडत नाही. बोंडं चिकट असतात, हात लावला तर बोटं एकमेकांना चिकटतात. ती वाळत वाळत उन्हाळ्याकडे जातात आणि मग तडतड आवाज करत फुटतात. भर दुपारी वाळलेल्या कारवीत शांत उभं राहिलं तर हा आवाज चारही बाजूंनी येतो, आणि एखादी बी गालावर येऊन आपटते. ज्यांनी फक्त फुलं बघितली त्यांनी कारवी अर्धीच बघितली असं मी म्हणेन.

आता विचार करा, फुलोऱ्यापासून बी पडेपर्यंतचे हे महिने म्हणजे आपल्याकडचे वणव्याचे महिने. पिढीच्या पिढी एकदम वाळून उभी आहे, सगळं बी अजून बोंडातच आहे, आणि कोणीतरी खाली गवत पेटवलं. दरवर्षी फुलणाऱ्या झाडाचं एका वर्षाचं बी जळालं तर पुढच्या वर्षी दुसरं येतं. कारवीच्या त्या उतारावर पुढचं वर्ष नसतंच, आईबाप आधीच मेलेले असतात. झाडं लाखांनी असूनही जुगार एकाच डावाचा आहे.

तेव्हा संख्या बघून कारवीला निर्धास्त सोडू नका.

---

कातळफूल

वाटाड्यादादा, हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. म्हणजे फुलं बघायला होणाऱ्या गर्दीपेक्षा, फुलं गेल्यावर सहा महिन्यांनी लागणारी आग कारवीला जास्त घातक?

---

येऊरचा_वाटाड्या

माझ्या बघण्यात तरी तसंच आहे. गर्दीनं पायवाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपं तुडवली जातात, ते वाईटच. पण आत उतारावर कोणी जात नाही, कारवी इतकी दाट असते की शिरताच येत नाही. आग मात्र सगळीकडे शिरते.

---

सह्यसखा

वणव्याचं बोललात म्हणून सांगतो, माकुडीलाही तीच भीती आहे. उन्हाळ्यात तिची पानं गळलेली, नुसत्या कांड्या, आणि कड्याच्या प्रत्येक पायरीवर वाळलेलं गवत. खालून लागलेली आग गवताच्या आधारानं कडा चढत जाते. "जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं" हा समज अजून घट्ट आहे. आमच्या गावात जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढायला पोरं जमवतो तेव्हा म्हातारी माणसं हसतात, पण पाणी आणून देतात. :)

---

केरळवारी

थोडं विषयांतर, पण कामाचं आहे. कारवीची दक्षिणेतली बहीण म्हणजे नीलकुरिंजी. बारा वर्षांनी फुलते, २००६ आणि २०१८ला मुन्नार भागात फुलली होती. तिच्यासाठी लोक कारवीपेक्षा कितीतरी पटीनं जास्त गर्दी करतात. ती बघायला गेलं की डोंगरच्या डोंगर निळे दिसतात आणि "हिला कसला धोका!" असंच कोणालाही वाटेल.

पण २०२४मध्ये आय.यू.सी.एन.च्या लाल यादीत तिची नोंद 'असुरक्षित' अशी झाली. कारण तिचे गवताळ डोंगर गेले. चहाचे मळे, बाहेरून आणून लावलेली झाडं, वाढती बांधकामं यांनी माळ खाल्ले. जिथे ती शिल्लक आहे तिथे अजून लाखांनी फुलते, आणि तो देखावा बघून गेलेल्या डोंगरांची आठवण कोणालाच होत नाही.

केरळने २००६मध्ये कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं ते खास तिच्यासाठी. आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर तिसऱ्या अनुसूचीत तिला संरक्षण मिळालं आहे.

आपल्या कारवीचं तसं होईल असं म्हणत नाही. पण डोंगरउतारावर बंगल्यांचे भूखंड पडताना आपण रोज बघतोच आहोत. त्या उतारांवर काय वाढत होतं, हे भूखंड घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

---

हिरवळ_मास्तर

केरळवारी, फार मोलाची भर घातलीत. कातळफूल यांच्या प्रश्नाला यातून एक पैलू मिळतो. माकुडीचा धोका तिच्या तुटपुंज्या जागेचा आहे आणि कारवीचा तिच्या घटत जाणाऱ्या जागेचा. पहिल्या प्रकारात एक दरड कोसळली तर एक वस्ती संपते. दुसऱ्यात दर वर्षी थोडं थोडं जातं आणि कोणाला पत्ता लागत नाही.

---

अबोली_गच्ची

माझ्याकडे कुंडीत माकुडी आहे. एका वनस्पतीप्रेमी ओळखीच्यांनी कांडी दिली होती. वाळू-मुरूम मिसळलेली माती, पाणी बेताचं, आणि कुंडी टांगलेली. दर वर्षी फुलते. पंधरा-वीस जणांना मी कांड्या वाटल्या असतील. मला वाटत होतं की हेही संवर्धनच आहे, पण वरच्या प्रतिक्रिया वाचून विचारावंसं वाटतं: घराघरांत ही झाडं असतील तर जात वाचली असं म्हणता येईल का?

---

जुन्नरी_वारा

अबोलीताई, तुमची कांडी बागेतून आली असेल तर आनंदच आहे. पण "दुर्मीळ झाड आहे, हवंय" म्हणून कड्यावरून ओरबाडून आणणारेही आहेत. मी स्वतः एका कपारीतलं झाड मुळासकट गेलेलं बघितलं आहे. मागे फक्त ओली माती होती. त्यामुळे मला ही वाटावाटी ऐकली की धास्ती वाटते.

---

हिरवळ_मास्तर

अबोलीताई, जपणूक दोन जागी करतात, मूळ ठिकाणी आणि बाहेर. बाहेरची जपणूक म्हणजे बागा, रोपवाटिका, प्रयोगशाळा. माकुडीच्या बाबतीत हे काम झालेलं आहे. पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या बागेत ती वाढवली गेली, ऊतिसंवर्धनानं, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या बारीक तुकड्यापासून, रोपं तयार करण्याच्या पद्धतीही बसवल्या गेल्या. कांडीपासूनही ती सहज येते, हे तुम्ही बघताच आहात. त्यामुळे जात म्हणून ती पुरती नाहीशी होण्याची भीती पूर्वीपेक्षा कमी आहे, हे खरं.

पण तुम्ही वाटलेल्या सगळ्या कांड्या एकाच झाडाच्या असतील तर जनुकांच्या हिशेबानं ते वीस जागी असलेलं एकच झाड आहे. एक रोग त्याला मारू शकला तर वीसही जणींना मारू शकतो. शिवनेरीची माकुडी आणि सज्जनगडची माकुडी यांच्यात जो बारीकसारीक फरक हजारो वर्षांत तयार झाला असेल, तो कुंडीत येत नाही. आणि कुंडीत तिच्या माश्या, तिची कपार, तिचा वारा येत नाही.

म्हणून कुंडी जरूर ठेवा, कोणत्या ठिकाणच्या झाडाची कांडी आहे ते शक्य असेल तर चिठ्ठीवर लिहून ठेवा. फक्त एक करू नका: घरची कांडी नेऊन मनानं एखाद्या गडावर लावू नका. तिथे आधीचीच वस्ती असेल तर तुम्ही दोन ठिकाणच्या झाडांची सरमिसळ कराल, आणि पुढच्या अभ्यासकाला मूळची कोणती, लावलेली कोणती, हे कळायचं नाही. पुनर्लागवड करायची तर वनखातं आणि अभ्यासक यांच्याबरोबर, नोंदी ठेवून.

---

अबोली_गच्ची

पटलं. चिठ्ठी आजच लावते. ज्यांनी दिली त्यांना मूळ ठिकाण विचारते.

---

चुलीवरचं

इतकं गंभीर चाललंय तर मी मध्येच मधाची आठवण काढतो. कारवी फुललेल्या वर्षीचा मध! काळसर, घट्ट, चमच्यावरून लवकर उतरत नाही. आमच्याकडे आजोबा म्हणायचे की कारवीचा मध आयुष्यात मोजक्याच वेळा खायला मिळतो.

आणि घराच्या कुडाच्या भिंती कारवीच्याच. वाळलेल्या काठ्या उभ्या विणायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. पावसात भिंत ओली झाली तरी हवा खेळती राहायची. काठी मेलेल्या कारवीची घ्यायचे की जिवंत, हे मला लहानपणी कळायचं नाही. जाणत्यांनी सांगावं.

---

कडेलोट

मध मिळेल का? पत्ता व्यक्तिगत निरोपानं कळवा. :)

---

येऊरचा_वाटाड्या

आमच्या पाड्यांवर दोन्ही घेतात. गरजेपुरती तोड कारवी सहज सोसते, शेकडो वर्षं सोसलीच आहे. फुलोऱ्याच्या वर्षी मात्र बोंडं फुटेपर्यंत हात लावायचा नाही, असं आमच्याकडच्या एका वारली आजींनी मला सांगितलं होतं. बी पडू दे, मग सगळं तुझंच आहे. वणव्याबद्दल मी वर जे लिहिलं ते मला त्यांच्यामुळेच सुचलं.

---

साताऱ्याची_सई

धागा उशिरा वाचला. कासबद्दल लिहायलाच हवं, कारण टोपली कारवी तिथली. ती आपल्या नेहमीच्या कारवीची बुटकी बहीण, टोपली पालथी घातल्यासारखी गोल झुडपं. ती फुलते त्या वर्षी पठारावर पाय ठेवायला जागा नसते, माणसांमुळे.

२०१२मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. मग कासला गर्दीचा लोंढा आला. कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर व्यवस्था बघतात, प्रवेशशुल्क घेतात, वाहनं लांब थांबवतात. त्यांच्याशिवाय पठार केव्हाच चिखल झालं असतं.

पण मला सांगायचं आहे ते कुंपणाबद्दल. पठाराला तारेचं कुंपण घातलं. माणसांचे पाय थांबले, त्याबरोबर गुरंही थांबली. काही वर्षांत गवत माजलं आणि बुटक्या फुलांना ऊनच मिळेना, अशी तक्रार गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनीही केली. शेवटी कुंपण काढलं. कासवरचा गेंद, सीतेची आसवं ही बोटभर उंचीची फुलं. त्यांच्यावर गुडघाभर गवत आलं की संपलंच.

म्हणून जुन्नरी_वारा दादा, तुमचं शेळ्यांबद्दलचं म्हणणं कड्यांपुरतं बरोबर असेल, पण "चराई बंद करा" हा सरसकट उपाय होऊ शकत नाही. माकुडीला शेळी नको, गेंदाला गुरं हवीत. दोन फुलांना एकच नियम लावायला गेलं की एकाचं नुकसान ठरलेलं.

---

जुन्नरी_वारा

सई ताई, कुंपणाबद्दल पूर्ण सहमत. मी चराईबंदी मागत नाहीये. शेळीवाल्यांशी बोलून दोन-चार कडे टाळता येतात, तेवढंच म्हणणं. आमच्याकडे एका धनगर काकांना फूल दाखवलं, वास घ्यायला लावला. त्यांनी नाक मुरडलं, पण त्या सोंडेवर आता कळप नेत नाहीत.

---

सह्यसखा

एक धोका कोणी लिहिला नाही. घाटरस्त्यांचं रुंदीकरण. डोंगर कापला की दरडी येतात, मग कड्याला लोखंडी जाळी ठोकतात, सिमेंटचा फवारा मारतात. माणसाच्या जिवासाठी ते करावंच लागतं, पण कामाआधी त्या भिंतीवर काय आहे हे कोणी बघत नाही. झाडांची मोजणी होते तेव्हा खोडाचा घेर मोजतात. करंगळीएवढ्या माकुडीला त्या तक्त्यात रकानाच नसतो. कारवी तर झुडूप म्हणून 'साफसफाई'त जाते.

---

हिरवळ_मास्तर

सह्यसखा, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. कड्यांवरच्या आणि सड्यांवरच्या वनस्पती आपल्या मोजणीत बसत नाहीत. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा सपाट कातळ, म्हटलं की कागदोपत्री 'पडीक'. साताऱ्याच्या सड्यांवर पाणी साचतं तिथे वायतुरा वाढतो, दोन फाट्यांचा सुंदर तुरा, तोही लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला. त्याचं घर म्हणजे पावसाळ्यापुरतं डबकं. डबक्याला वाचवा म्हणून कोण उभं राहणार?

---

कातळफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं काही हाती लागेल असं वाटलं नव्हतं.

मूळ प्रश्नाकडे येते. कारवीची काळजी कमी करा असं मी आता म्हणणार नाही. पण दोघींची काळजी वेगवेगळ्या ऋतूंत आणि वेगवेगळ्या पद्धतीनं करावी लागेल, हे या चर्चेतून मला कळलं. कारवीसाठी महत्त्वाचे महिने फुलोऱ्यानंतरचे. आमचा गट यापुढे फुलं बघायला जाईल तिथेच फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळरेषा काढायला जाईल, असं आज आमच्यात ठरलं. सह्यसखा, पहिल्या वेळी तुमच्या गावात येऊ का? काम शिकायचं आहे.

माकुडीसाठी दरवर्षी एकाच ठिकाणाहून, एकाच कोनातून कड्याचा फोटो काढून ठेवायचा विचार आहे. खालून, दुर्बिणीतून, कड्याला हात न लावता. झाडं कमी होतायत की टिकून आहेत ते काही वर्षांत तरी दिसेल. मास्तर, हे उपयोगाचं आहे का?

---

हिरवळ_मास्तर

फार उपयोगाचं आहे. एकाच जागेची सलग वर्षांची नोंद हौशी माणसंच ठेवू शकतात, अभ्यासकाचा प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो. तीन सूचना करतो. फोटो पावसाळा संपताना काढा, तेव्हा पानं असतात आणि गवतातून झाड वेगळं ओळखू येतं. उन्हाळ्यात पुन्हा एकदा काढा, म्हणजे आगीचा माग लागेल. आणि मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद करूनच फोटो कुठेही टाका. मूळ नोंदवही वनखात्याकडे आणि एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्या.

---

सह्यसखा

या की! जानेवारीतच या, गवत पूर्ण वाळायच्या आत जाळरेषा निघालेली बरी. कोयते आमच्याकडे आहेत. अंगभर सुती कपडे घाला, नायलॉनचं काही नको, आणि बूट जाड तळव्याचे. जेवण घरी.

---

रानभूल

मीही येणार. आणि चुलीवरचं, तुमच्या आजोबांच्या भागात कारवी आता कोणत्या वर्षी फुलणार आहे ते कळवा, तिथलीही जाळरेषा बघायला हवी.

---

चुलीवरचं

विचारून सांगतो. गावी काका आहेत, त्यांना मधाचं वर्ष पक्कं लक्षात असतं.